वाळूतला तो दुधी किडा चपटकृमी की एसीला? दरवेळी अडणारी ओळख कशी सोडवायची

किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतून एक-दीड मिलिमीटर लांबीचा दुधी किडा निघतो. पाय नाहीत, खंड नाहीत, डोळे असलेच तर पुढच्या टोकाला दोन ठिपके. काचेवरून तो अलगद सरकत जातो. मोबाइलवर फोटो निघतो, नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो आणि प्रकल्पाच्या वहीत नोंद होते: ‘संघ पृथुकृमी, वर्ग टर्बेलेरिया’, म्हणजे चपटकृमी. महिन्याभराने बाटली उघडली की आत कसलीही ओळख न पटणारा गोळा असतो. नाहीतर डीएनएचा निकाल येतो आणि त्यात शिंपला निघतो, शेवाळ निघतं, किंवा वंशवृक्षात हा किडा सगळ्यांच्या तळाशी जाऊन बसतो. मग विचारणा सुरू होते.

ही अडचण दर वर्षी त्याच क्रमाने येते. विद्यार्थी बदलतात, किनारे बदलतात, घरी समुद्री मत्स्यटाकी ठेवणारे हौशी लोकही येतात. अडतं मात्र त्याच त्या जागी. म्हणून सगळं एकत्र लिहितो आहे.

आधी गोंधळाचं मूळ. वाळूत राहणाऱ्या, अंगभर सिलिया म्हणजे सूक्ष्म लव असलेल्या आणि त्या लवेवर सरकणाऱ्या मऊ कृमींना पूर्वी सरसकट टर्बेलेरियात घालत. त्यातच एसीला नावाचा एक गण होता: पोटात पोकळी नसलेले छोटे कृमी. आपल्याकडच्या अनेक पाठ्यपुस्तकांत तो अजूनही तिथेच आहे. पण १९९९ मध्ये इन्याकी रुईझ-त्रियो आणि सहकाऱ्यांनी १८एस या रायबोसोमच्या जनुकाच्या आधारे दाखवलं की एसीला चपटकृमी नाहीतच. पुढे नेमर्टोडर्माटिडा हा त्यांच्यासारखाच दुसरा गट आणि झेनोटर्बेला हा स्वीडनच्या समुद्रात प्रथम सापडलेला विलक्षण कृमी यांच्यासह त्यांचा ‘झेनासीलोमॉर्फा’ हा स्वतंत्र संघ मानला जाऊ लागला.

हा फरक नावापुरता नाही. प्लॅनेरिया, यकृतातला पर्णकृमी, पट्टकृमी हे खरे चपटकृमी. त्यांचे दूरचे नातेवाईक म्हणजे गांडूळ, कालवं, गोगलगाई. एसीला त्या फांदीवर कुठेच नाही. एका मतानुसार उजवी-डावी बाजू असलेल्या बाकी सगळ्या प्राण्यांपासून, म्हणजे कालवापासून माणसापर्यंत सगळ्यांपासून, तो सर्वांत आधी वेगळा झाला. दुसऱ्या मतानुसार तो तारामासा आणि समुद्री साळिंदर यांच्या बाजूचा आहे. दोन्ही मतं एकमेकांपासून खूप लांब आहेत, पण ‘चपटकृमी नाही’ यावर दोन्हींचं एकमत आहे. वहीतली ती एक ओळ त्यामुळे किड्याला पार भलत्याच घरात नेऊन ठेवते.

आता खरी मेख. एसीला ओळखायचा तो बराचसा त्याच्याकडे काय नाही यावरून: आतड्याची पोकळी नाही, गुदद्वार नाही, उत्सर्जनाच्या नलिका नाहीत. ‘आहे’ दाखवायला एकदा दिसणं पुरतं. ‘नाही’ म्हणायला मात्र, ते असतं तर मला दिसलंच असतं, याची खात्री लागते. खाली जे काही आहे ते या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

बाटलीत नुसते गोळे आहेत

फॉर्मेलिन सगळ्यांना वाईट नाही. सूत्रकृमी आणि कोपेपॉड, कायनोरिंक यांसारखे सूक्ष्म प्राणी यांच्या अंगावर टणक आवरण असतं, ते त्यात नीट टिकतात. लवेवर चालणारे मऊ कृमी फॉर्मेलिन लागताच आकसतात, वरची त्वचा सुटते, आतलं सगळं गढूळ होतं. तोंड कुठे होतं हेसुद्धा कळत नाही. अशा बाटलीतून ओळख परत मिळवण्याचा उपाय नाही, त्यावर वेळ घालवू नका. फॉर्मेलिनवर चालणाऱ्या सर्वेक्षणांत सूत्रकृमींचे आकडे भरभक्कम आणि मऊ कृमींचे अगदी थोडके दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

नमुना नव्याने घ्या आणि जिवंत बघा. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी धरा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे एक-दोन दिवस. पाणी नुकतंच हटलेल्या पट्ट्यातली वरची दोन-तीन बोटं वाळू पुरे. मोकळ्या पुळणीवर लाटांनी ढवळली जाणारी जाड वाळू आणि खाडीच्या तोंडाशी असलेली थोडा गाळ मिसळलेली बारीक वाळू वेगवेगळ्या डब्यांत भरा. दोन्हीकडची मंडळी वेगळी असतात. खाली काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा थर लागला तर तोही वेगळा ठेवा. डबा पूर्ण भरू नका, वर हवा राहू द्या. आपल्याकडे नमुने उन्हानेच जास्त मरतात, तेव्हा शीतपेटी न्या, पण डब्याला बर्फ टेकू देऊ नका. प्रवाळाला हात लावू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यात काहीही गोळा करायचं तर आधी वनखात्याची परवानगी हवी.

जिवंत वाळू आणली, पण काहीच निघत नाही

हे कृमी वाळूच्या कणांना चिकटून बसतात. काहींना चिकट ग्रंथी असतात, काही नुसतेच आकसून कणाला धरतात. नुसतं पाणी ढवळून ते सुटत नाहीत. त्यांना गुंगी द्यावी लागते.

बाजारात मिळणारं सहा जलरेणूंचं मॅग्नेशियम क्लोराइड घ्या. एक लिटर गोड्या पाण्यात ७३ ते ७५ ग्रॅम विरघळवलं की द्रावणाचा परासरणाचा दाब समुद्राच्या पाण्याइतका होतो. वाळू त्यात दहा मिनिटं ठेवा. मॅग्नेशियममुळे स्नायू आणि चेता ढिल्या पडतात, पकड सुटते. मग भांडं हलकेच गोल फिरवा, वाळू खाली बसायला दोन-चार सेकंद द्या आणि वरचं पाणी ६३ मायक्रॉनच्या जाळीतून ओता. असं तीन-चार वेळा करा. जाळी लगेच स्वच्छ समुद्राच्या पाण्यात उलटी करा. काही मिनिटांत किडे हलायला लागतात. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरलेला असतो, तेव्हा हेच द्रावण त्या प्रमाणात पातळ करावं लागतं, नाहीतर किडे सुरकुततात.

गोड्या पाण्याने वाळू धुण्याची एक झटपट रीत आहे. तिचा धक्का बसला की चिकटलेले प्राणी पकड सोडतात. फ्रान्समधल्या रॉस्कॉफ इथे राइनहार्ट क्रिस्टेनसेन यांना याच रीतीने लॉरिसिफेरा हा आख्खा नवा संघ हाती लागला. १९८३ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन केलं. पण लॉरिसिफेराला कवच असतं. एसीला गोड्या पाण्यात फुगून फुटतो. म्हणून ही रीत आपल्या कामाची नाही, आणि ‘आमच्या किनाऱ्यावर एसीला नाहीतच’ असे निष्कर्ष तिच्यामुळे निघालेले दिसतात.

रसायन नसेल तर वाळूवर दोन बोटं समुद्राचं पाणी घालून डबा रात्रभर सावलीत स्थिर ठेवा. खाली प्राणवायू कमी होत गेला की बरेच कृमी वर येतात. सकाळी वाळूचा सगळ्यांत वरचा पापुद्रा ड्रॉपरने ओढून घ्या. ही रीत सावकाश चालते, पण माझ्या मते नवशिक्यांना हीच सगळ्यांत चांगली, कारण किडे धडधाकट मिळतात.

सरकतंय खरं, पण हा कृमी आहे का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. सागरी वाळूत मोठे, लांबट सिलिएट राहतात, ट्रॅकेलोराफिस आणि त्याच्या नात्यातले. ते एकपेशीय आहेत, पण लांबी एक मिलिमीटरच्याही पुढे जाऊ शकते. अंगभर लव, फितीसारखं शरीर, कणांमधून वळत जाणं, स्पर्श झाला की झटकन आखडणं: दहापट भिंगाखाली कोणालाही कृमीच वाटेल.

निवाडा असा करा. चाळीसपट भिंगाखाली कडेकडे बघा. सिलिएटची लव सरळ रांगांमध्ये असते, त्या रांगा अंगावर उभ्या रेषांसारख्या दिसतात. कृमीच्या अंगावर पेशींचा थर असतो, त्याखाली स्नायूंचा, आणि आत वेगवेगळ्या पोताचे भाग. अंडं दिसलं, खडा असलेली पिशवी दिसली, डोळ्याचा रंगीत ठिपका दिसला की तो प्राणीच. यातलं काहीच नाही, आत सगळीकडे एकसारखे कण आहेत आणि मधल्या पट्ट्यात फिकट गोळ्यांची केंद्रकं आहेत, तर थांबा. प्राणी ओळखण्याची किल्ली, म्हणजे लक्षणांवरून नावापर्यंत नेणारा तक्ता, बंद करा.

बाकीच्यांची छाननी चालीवरून लवकर होते. लव नाही आणि अंग ताठ राहून चाबकासारखं वळवळतं तो सूत्रकृमी. त्याला फक्त लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू असतात, म्हणून तो जाड-बारीक होऊ शकत नाही. बाजूला राठ केसांचे झुबके दिसले तर वलयी कृमी. अंगाच्या कडेला आणि शेपटीला चिकट नळ्या असतील तर गॅस्ट्रोट्रिक. काळ्या थरातून निघालेला, दोऱ्यासारखा, हळू चालणारा, तोंडात जबड्यांची जोडी असलेला तो नॅथोस्टोम्युलिड; १९५६ मध्ये पीटर आक्स यांनी वर्णन करेपर्यंत हा गट विज्ञानाला माहीत नव्हता. त्याच्या त्वचेच्या प्रत्येक पेशीवर एकच लव असते, एसीलाच्या पेशीवर पुष्कळ.

आपल्या पूर्व किनाऱ्यावर, विशाखापट्टणमच्या वॉल्टेर भागातल्या पुळणींवर, पी. एन. गणपती आणि जी. चंद्रशेखर राव यांनी १९६०च्या दशकात वाळूच्या कणांमधल्या या प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. कोकणात काम करणाऱ्यांनी ते लेखन मुद्दाम मिळवून वाचावं. भारतीय वाळूत काय काय असू शकतं याचा अंदाज त्याने येतो.

आत खडा एकच दिसला, म्हणजे एसीला नक्की?

नाही. घाईत अंतिम शिक्का बसतो तो इथेच, म्हणून इथे थोडं थांबू या.

एसीलाच्या पुढच्या भागात स्टॅटोसिस्ट असतो, म्हणजे तोल सांभाळणारी एक काचेसारखी गोल पिशवी, आणि तिच्यात एक खडा. नेमर्टोडर्माटिडाच्या पिशवीत साधारणपणे दोन खडे असतात. इतकं किल्लीत लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे. पण खऱ्या चपटकृमींतला प्रोसेरिएटा हा गट याच वाळूत असतो आणि त्यातल्या पुष्कळ जातींनाही पुढे अशीच पिशवी आणि खडा असतो. तेव्हा खडा दिसला की काम अर्धंच झालं.

काचपट्टीवर किडा एका छोट्या थेंबात घ्या. आच्छादन-काचेच्या चारही कोपऱ्यांना मेणाचे किंवा प्लॅस्टिसिनचे बारीक पाय लावा आणि ती वर ठेवा. आता कडेला टिपकागदाचं टोक लावून पाणी जरा जरा ओढत जा. काच खाली येते, किडा चपटा होत जातो, आणि एका क्षणी आतलं सगळं स्वच्छ दिसू लागतं. आणखी ओढलं तर तो फुटतो, म्हणून या टप्प्यावर हात थांबला पाहिजे. मोबाइलवर चित्रफीत सुरूच ठेवा.

प्रोसेरिएटा असेल तर अंगाच्या मागच्या अर्ध्यात एक जाड नळी दिसते, टोक मागे वळलेलं. ती घशाची नळी, ग्रसनी. तिच्यापासून पुढे-मागे आतड्याची पोकळी जाते आणि तिच्या भिंती समांतर रेषांसारख्या दिसतात. एसीलाला अशी भिंत नसते. तोंड पोटाच्या बाजूला एक साधं छिद्र असतं. आत गेलेला डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शैवाल, थेट मधल्या मऊ लगद्यात जातो. तिथे पेशींच्या सीमा विरलेल्या असतात. डायटमभोवती लहानशी पोकळी तयार होते आणि तो लगद्याबरोबर इकडे-तिकडे सरकताना दिसतो. किडा दाबला की डायटम कुठल्याही दिशेला जाऊ शकतो, नळीतून जातो तसा एका मार्गाने जात नाही. हे दृश्य एकदा नीट पाहिलं की पुढे फसगत कमी होते.

आता ‘नाही’ची बाजू. उपाशी चपटकृमीचं आतडं मिटून जातं आणि पोकळी नसल्यासारखं दिसतं. म्हणून एकाच किड्यावरून ‘आतडं नाही’ लिहू नका. तीन-चार किडे घ्या, त्यांतल्या काहींना आधी डायटम खाऊ द्या. उत्सर्जनाच्या नलिकांचंही तसंच. चपटकृमीत त्यांच्या टोकाशी ज्योतीसारखी थरथरणारी लव असते. ती बघायला तेलातलं शंभरपट भिंग, पुरेसा दाबलेला जिवंत किडा आणि बरीच चिकाटी लागते. थरथर दिसली तर तो एसीला नाही हे पक्कं. दिसली नाही तर काहीच सिद्ध झालं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुढे लागेल. नलिका नाहीत म्हणजे उत्सर्जन होत नाही असं नाही. २०१९ मध्ये आंद्रेआस हेयनॉल यांच्या गटाने दाखवलं की हे प्राणी अमोनिया पचनाच्या ऊतींमधून बाहेर टाकतात. काम चालतं, वेगळा अवयव मात्र नाही.

टाकीत लाल चपटे किडे झाले आहेत

प्रवाळाच्या टाकीत काचेवर आणि दगडांवर गंजाच्या रंगाचे, मागे तीन टोकं असलेले चपटे किडे पसरतात. दुकानात त्यांना ‘लाल प्लॅनेरिया’ म्हणतात. प्लॅनेरियाशी त्यांचा संबंध नाही. ते कॉन्वोल्युट्रिलोबा या एसीलाच्या जाती आहेत. प्लॅनेरियाच्या पोटाच्या मधोमध बाहेर काढता येणारी ग्रसनी असते आणि आतडं तीन फाट्यांचं असतं. इथे त्यातलं काही नाही. अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यामुळे दिवा जास्त तिथे ते जास्त. एका जातीत पिल्लू मागच्या टोकाला उलट्या दिशेने फुटतं, तोंड आईच्या विरुद्ध बाजूला करून, आणि मग सुटून जातं. टाकी भराभर भरते ती अशी.

ज्यांना कटकट वाटते त्यांना सांगावंसं वाटतं की याच वंशातल्या कॉन्वोल्युट्रिलोबा लॉन्जिफिश्युरा या जातीवर हेयनॉल आणि मार्क मार्टिंडेल यांनी २००८ मध्ये तोंड आणि गुदद्वार उत्क्रांतीत कसे आले याचा महत्त्वाचा अभ्यास केला. काढून टाकण्याआधी दोन-चार किडे काचपट्टीवर जरूर बघा. एसीलाचा स्टॅटोसिस्ट शिकायला इतका सोपा नमुना किनाऱ्यावर मिळत नाही.

हिरव्या रंगाचे एसीलाही असतात. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा सिम्साजिटिफेरा रॉस्कोफेन्सिस ओहोटीला वाळूवर हिरवे पट्टे उठवतो आणि पावलांचा हादरा बसला की वाळूत बुडी मारतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लात शैवाल नसतं, ते आजूबाजूच्या पाण्यातून घ्यावं लागतं. त्यामुळे हिरवा रंग दिसला की ‘हे शेवाळ आहे’ म्हणून सोडून देऊ नका, आणि रंगहीन पिल्लाला वेगळी जात समजू नका.

डीएनएच्या निकालात शिंपला निघाला

हे तुमच्या प्रयोगशाळेतच घडतं असं नाही. या विषयातल्या सगळ्यांत गाजलेल्या गोंधळाचं कारण हेच होतं.

झेनोटर्बेला बॉकी हा काही सेंटीमीटर लांबीचा, पिवळसर, पिशवीसारखा कृमी सिक्स्टन बॉक यांना १९१५ मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या गाळात मिळाला. आयनार वेस्टब्लाड यांनी १९४९ मध्ये त्याचं वर्णन छापलं. मेंदू म्हणावा असा भाग नाही, गुदद्वार नाही, उत्सर्जनाचा अवयव नाही. १९९७ मध्ये त्याचा डीएनए वाचला गेला आणि तो द्विपुट शिंपल्याच्या जवळचा निघाला. त्याच्या अंगात शिंपल्याची वाटणारी अंडीही दिसली होती. मग असा तर्क बांधला गेला की हा मूळचा शिंपलाच, मोठा होताना आपली सगळी अंगं गमावलेला. २००३ मध्ये सारा बुर्ला, मॅक्स टेलफर्ड आणि सहकाऱ्यांनी नीट वेगळं करून दाखवलं की शिंपल्याचा डीएनए हा त्याच्या जेवणाचा होता. प्राण्याचा स्वतःचा डीएनए शिंपल्याच्या आसपासही नव्हता.

म्हणून एक-दोन मिलिमीटरचा आख्खा किडा नळीत टाकण्याआधी त्याला बारीक गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात काही दिवस उपाशी ठेवा आणि पाणी रोज बदला. पोटातले डायटम संपलेले भिंगाखाली तपासा. निकाल एकाच किड्यावरून मान्य करू नका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी घेतलेल्या किड्यांत तोच क्रम आला पाहिजे. शैवाल पाळणाऱ्या जातींत शैवालाचा डीएनए येणारच, तो वेगळा काढा. जात ओळखण्यासाठी डीएनएचा ठरावीक तुकडा (बारकोड) वाढवणारी, ‘फोल्मर प्रायमर’ नावाने ओळखली जाणारी नेहमीची जोडी एसीलावर बरेचदा चालत नाही, आणि खऱ्या किड्याचा डीएनए वाढला नाही की नळीत वाढतो तो सोबत आलेल्या दुसऱ्याच कोणाचा. जेलवर डीएनएची पट्टी उमटली म्हणून हुरळू नका. १८एस जनुकापासून सुरुवात केलेली बरी.

वंशवृक्षात तो एकदम तळाशी आला

महाविद्यालयीन प्रकल्पांत हा निकाल मोठ्या आनंदाने लिहिला जातो: ‘आमचा किडा सर्वांत आद्य प्राणी आहे.’ एका जनुकावर काढलेल्या झाडात हे जवळपास ठरलेलं असतं, आणि त्याला लांब फांद्यांची ओढ म्हणतात. जोसेफ फेल्सेनस्टीन यांनी १९७८ मध्येच हा दोष गणिताने दाखवला होता.

बहुपर्यायी परीक्षेत दोन विद्यार्थ्यांनी पुष्कळ प्रश्न अंदाजाने सोडवले, तर एकमेकांकडे न बघताही त्यांच्या बऱ्याच चुका जुळतात, कारण पर्याय चारच असतात. डीएनएलाही अक्षरं चारच. ज्या प्राण्यांची जनुकं भराभर बदलली आहेत, त्यांच्यात काही अक्षरं निव्वळ योगायोगाने सारखी होतात आणि गणनपद्धत त्याला नातं समजते. बहुतेक एसीलांची जनुकं अशीच वेगाने बदललेली आहेत. तुलनेसाठी घेतलेले स्पंज आणि जेलीफिश तर फार लांबचे, त्यांच्याही फांद्या लांब. एसीला त्यांच्याकडे ओढला जातो आणि तळाशी दिसतो. रुईझ-त्रियो यांना याची जाणीव होती. म्हणूनच त्यांनी पुष्कळ एसीलांतून हळू बदलणारी जात शोधली, पॅराटोमेला रुब्रा, आणि तिच्यावर निष्कर्ष बेतला.

तरी वाद मिटला नाही. २०११ मध्ये हर्वे फिलिप आणि सहकाऱ्यांनी या गटाला तारामाशांच्या बाजूला नेलं. २०१६ मध्ये योहाना कॅनन आणि सहकाऱ्यांनी शेकडो जनुकं वापरून त्याला पुन्हा बाकी सगळ्या द्विपार्श्व (उजवी-डावी बाजू असलेल्या) प्राण्यांच्या आधी ठेवलं. त्याच अंकात ग्रेग राऊज आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागराच्या तळातून झेनोटर्बेलाच्या चार नव्या जाती मांडल्या. त्यांतली मॉन्स्ट्रोसा वीस सेंटीमीटरपर्यंत पोहोचते. २०१९ मध्ये फिलिप यांच्या गटाने चुका कुठून येतात याचा आधीच अंदाज घेऊन विदा निवडली आणि उत्तर पुन्हा तारामाशांकडे झुकलं. २०२१ मध्ये तर तारामासे आणि आपण मिळून एक शाखा होतो हेच गृहीतक कमजोर असल्याचं टेलफर्ड यांच्या गटाने दाखवलं.

हे सगळं कशावर अडलं आहे ते बघा. गुदद्वार नाही, नलिका नाहीत. पहिलं मत खरं असेल तर या गोष्टी त्याच्या पूर्वजांत कधी नव्हत्याच, आणि वाळूतला हा किडा आपल्याला त्या आधीच्या अवस्थेबद्दल काही सांगू शकतो. दुसरं खरं असेल तर त्या होत्या आणि गेल्या. भिंगाखाली ‘नाही की दिसलं नाही’ हा जो पेच आहे, तोच वंशवृक्षावर ‘नव्हतं की गेलं’ असा उभा राहतो. मला स्वतःला २०१९ची मांडणी जास्त पटते, कारण तिने फांद्यांच्या ओढीचा हिशोब आधी केला. पण विद्यार्थ्याच्या अहवालात माझं मत येण्याचं कारण नाही.

मग अहवालात काय लिहायचं?

‘झेनासीलोमॉर्फा, एसीला’ इथपर्यंत लिहा आणि जात पक्की नसेल तर ‘जात अनिश्चित’ म्हणा. ‘आद्य’ हा शब्द वापरू नका. खाली तक्ता करा आणि प्रत्येक लक्षणापुढे तीनच नोंदी चालवा: दिसलं, नीट पाहूनही दिसलं नाही, पाहता आलं नाही. खड्यांची संख्या, ग्रसनी, आतड्याची भिंत, थरथरणारी ज्योत, डोळ्याचे ठिपके, शैवाल, चिकट नळ्या, जबडे. शेवटच्या दोन नोंदींमधला फरक ज्या अहवालात राखलेला असतो, तो दहा वर्षांनीही दुसऱ्याला वापरता येतो.

एकाच जागचे निदान तीन किडे मिळाले तर कामं वाटून द्या. एकाची मोकळं चालताना आणि दाबलेल्या अवस्थेत चित्रफीत काढा, पट्टीवर मोजमापासह. दुसऱ्याला मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये पूर्ण ढिला होऊ द्या आणि मग चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवा. तिसरा उपाशी ठेवून शुद्ध इथेनॉलमध्ये घाला. जागा, ओहोटीची वेळ, पाण्याचा खारेपणा आणि तापमान पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेरची शाई इथेनॉलने पुसली जाते. आणि दुसऱ्या दिवशी ते इथेनॉल एकदा बदला, कारण किड्याबरोबर गेलेल्या थेंबभर समुद्राच्या पाण्यानेही लहान नळीतलं इथेनॉल पातळ होतं.